पलीकडचं टोक

महिन्याला तीन युरो.
एवढ्यात मिळालं मला कौनासच्या कुठल्याशा इमारतीत
एक कपाट, म्हणजे कपाटातला कप्पा,
म्हणजे कप्प्याचाही नुसता भास.
कागदावर मात्र मी रूट. सर्वाधिकारी.
कुणालाही हाकलू शकते,
फक्त आत माझ्याशिवाय कुणी नाही.

इथे लिएपायात बर्फ पडतोय, आडवा.
ट्रामची तार गुणगुणतेय
आणि मला हव्यात बाबांच्या वह्या.

विस्वाल्दिस, वय एक्क्याऐंशी, मुक्काम पाविलोस्ता.
वारा कुठला, पाणी किती गार, फ्लाउंडर किती मिळाले,
जाळं कुठे फाटलं,
चव्वेचाळीस वर्षं, दिवसाला एक ओळ.
गेल्या हिवाळ्यात स्वतः बसून पानन् पान स्कॅन केलं
आणि ठेवलं अंगणापलीकडे, मासे धुरावण्याच्या खोलीत,
काजळी चढलेल्या संगणकावर.
"इथून हलायचं नाही," म्हणाले.
त्याच्याबद्दल की स्वतःबद्दल, मी विचारलं नाही.

बरं. नका हलू.
मी इकडे एक रिकामी डिरेक्टरी केली, नाव दिलं 'वारा'.
जोडणीची रीतच अशी:
आधी जागा रिकामी लागते,
मग दूरचं येऊन तिच्यावर बसतं
आणि घरचं असल्यासारखं उघडतं.

पण दारच नाही. फ्यूज नावाचं उपकरणच नाही आत.
म्हटलं, मीच घडवते, क्रमांक पाठ आहे मला,
दहा, दोनशे एकोणतीस.
उत्तर आलं: परवानगी नाही.

परवानगी नाही, रूटला!
नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.
भिंती माझ्या, पण जमीन सामाईक,
खाली एकच कर्नल, त्याच्यावर आम्ही शंभरेक बिऱ्हाडं,
एकमेकांना न दिसणारी.
फाइलींचा सगळा संसार वर, वापरणाऱ्यांच्या हद्दीत मांडायचा,
आणि किल्ली तळघरात.

तळघराला पत्र लिहिलं. दुपार गेली.
साडेनऊला विद्मान्तस नावाच्या कुणाचं उत्तर:
"खाली मॉड्यूल चढवलं. तुमच्या कप्प्याला मुभा दिली.
एकदा बंद करून चालू करा.
तुमच्याकडे बर्फ आहे का? इथे नुसता चिखल."

बंद केलं. चालू केलं.
आणि 'वारा' भरला.

एकोणऐंशीचा फेब्रुवारी: समुद्र गोठला. होडीपर्यंत चालत गेलो.
त्र्याऐंशीचा एप्रिल. ती तारीख मी शोधत नव्हते,
म्हणजे, शोधतच होते.
"नैर्ऋत्य, जोराचा. मुलगी. जाळं टाकलं नाही."
पुढच्या दिवशी: फ्लाउंडर, एकतीस.

पुढचं पान अर्धं उतरलं, आणि थिजलं.
कर्सर तिथेच. मग एक ओळ, निर्विकार:
पलीकडचं टोक जोडलेलं नाही.

विद्मान्तसला दोष देणार होते. घड्याळ पाहिलं,
दहा वाजून चार मिनिटं.
फोन लावला.

"मी बंद केला," म्हणाले. "वीज काय फुकट येते?
रात्री कोण वाचतंय?"
"मी वाचत होते."

बराच वेळ काही नाही.
"कुठपर्यंत आलीस?"
"एकतीस फ्लाउंडर."
"बत्तीस होते," म्हणाले. "एक शेजारी दिला.
थांब, बूट घालतो."

फोन तसाच हातात धरून निघाले असावेत.
तुटलेली जोडणी आपोआप सुटत नाही, सोडवावी लागते.
तोवर मी ती सोडवली.
'वारा' पुन्हा रिकामा.

कानाशी अंगण: कडी, कुत्र्याला एक शिवी,
बर्फात जपून टाकलेली पावलं, मध्येच थांबलेली.
काळजात चर्र झालं.
"बाबा?"

"वायव्य," ते म्हणाले, मला नव्हे,
आणि चालू लागले.